खोळंबा भुसावळला, बोंब मलकापुरात

माझी कंबर एका वांग्यानं मोडली. गव्हाचं पोतं खांद्यावर घेताना मोडली असती, तर निदान चार लोकांत सांगायला तोंड उरलं असतं. पण चंपाषष्ठीच्या आदल्या संध्याकाळी बाजारातून आणलेली पिशवी मी खाटेवर ठेवली, ती कलंडली आणि त्यातलं एक भरताचं वांगं घरंगळत थेट खाटेखाली गेलं. दुसऱ्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. मी वाकलो, हात लांब केला, वांगं हाताला लागलं आणि कमरेत काहीतरी ‘कट्’ झालं.

“अहो, सापडलं का?” बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“सापडलं.”

“मग या ना बाहेर.”

“वांगंच सापडलंय. मी अडकलोय.”

वांगं शेजारच्या जळगाव जिल्ह्यातलं होतं आणि तिकडच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे मी साध्यासुध्या भाजीनं नव्हे, सरकारमान्य वांग्यानं आडवा झालो. एवढंच काय ते समाधान.

दोन दिवस सगळे ‘उसण भरली’ म्हणत होते. तिसऱ्या दिवशी कंबर गप्प झाली आणि दुखणं डाव्या पायात उतरलं. कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगानं थेट अंगठ्यापर्यंत जाऊ लागली. मलकापूरच्या माणसाला उपमा सुचते ती रेल्वेचीच. एरवी ही कळ पॅसेंजरसारखी चाले: कुल्ला, मांडी, गुडघा, पोटरी, घोटा, सगळीकडे थांबत, रेंगाळत. पण शिंक आली की तीच मलकापूरला न थांबणारी सुपरफास्ट व्हायची. डिसेंबरची थंडी, घरात सगळ्यांना सर्दी. मी नाक वर करून तोंड उघडलं की अख्खं घर हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राही.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. कमरेच्या खालच्या मणक्यांतून आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून दोन्ही बाजूंना पाच-पाच मुळं निघतात. ती एकत्र येऊन प्रत्येक पायात एक नस उतरते. शरीरातली सगळ्यांत जाड नस ती हीच, बोटाएवढी. दोन मणक्यांमध्ये गादी असते. बाहेरून चिवट, आतून लिबलिबीत. बाहेरचं वेष्टण फाटलं की आतला ऐवज बाहेर डोकावतो, शेजारून जाणाऱ्या मुळावर दाबतो आणि ते मूळ सुजतं. माझी सरकलेली गादी चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली. बहुतेकांची हीच सरकते, नाहीतर तिच्या खालची.

“पण डॉक्टर, मणका दुखतच नाही. दुखतो पाय.”

“पायाला काही झालेलं नाही, सर. पाय बिचारा निर्दोष आहे.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भुसावळला गाड्यांचा खोळंबा होतो आणि बोंब मारतात मलकापूरच्या फलाटावर ताटकळणारे. दोष एका गावात, गोंधळ दुसऱ्यात. आता फलाटावर कितीही तेल चोळलं तरी भुसावळचा सिग्नल थोडाच पडणार आहे?

मी इतिहासाचा मास्तर. दुखणं आलं म्हटल्यावर त्याची वंशावळ काढल्याशिवाय मला चैन पडेना. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात आणि चरकसंहितेनं ती वातव्याधीत घातली आहे. गृध्र म्हणजे गिधाड. माझी चाल पाहून नववी ‘ब’च्या मुलांनी, संस्कृतचा गंध नसताना, जवळपास तेच नाव ठेवलं होतं. युरोपात बराच काळ खुब्याच्या सांध्यावर आळ होता. सायटिका या शब्दाचं मूळही खुब्यासाठीच्या ग्रीक शब्दातच आहे. १७६४ साली नेपल्समधल्या दोमेनिको कोतुन्यो नावाच्या वैद्यानं पुस्तक लिहून सांगितलं, की या दुखण्याचा एक प्रकार सांध्याचा नाही, नसेचा आहे. नस का दुखावते, याचा गुन्हा गादीवर शाबीत व्हायला मात्र आणखी १७० वर्षं गेली. १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघा शल्यविशारदांनी तो शाबीत केला. म्हणजे या दुखण्यात खरा आरोपी सापडायला वेळ लागतो, ही परंपराच आहे. खरा वैद्य सापडायलाही लागतो, हे मला पुढं कळलं.

मलकापुरात माणूस आजारी पडला की पहिला प्रश्न ‘काय झालं?’ असा नसतो. तो असतो, “कोणाले दाखवलं?” दुसरा असतो, “जळगावले का अकोल्याले?” आमचं गाव म्हणजे विदर्भाचा उंबरठा. १९५६ पर्यंत आम्ही मध्य प्रदेशात आणि पन्नास किलोमीटरवरचं भुसावळ मुंबई राज्यात. राज्यं एक झाली, पण दुखण्याच्या बाबतीत सरहद्द अजून शाबूत आहे. निम्मं गाव जळगाव पक्षाचं, निम्मं अकोला पक्षाचं. माझी तर कंबर विदर्भात आणि पाय खानदेशात, अशी गत. घरातच आईचा कल अकोल्याकडे आणि मेव्हण्याचा जळगावकडे.

भेटायला येणाऱ्यांना अर्थात दोन्ही गावांची गरज नव्हती.

“काहून सर, असे तिरपे काहून चालून राहिले?” या वाक्यानं सुरुवात व्हायची आणि “आमच्या साडूले बी असंच होतं, आता पाहा, टणाटण उड्या मारते” या वाक्यानं शेवट. मधल्या भागात उपाय. एकानं रुईची पानं आणली. एरंडेल लावून तव्यावर गरम करायची आणि बांधायची. त्यानं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शेकानं बरं वाटतंच. दुसऱ्यानं निर्गुंडीचा पाला आणला. वहिनींनी मेथीचे लाडू आणले. ते इतके कडू होते, की खाताना पाय दुखायचा राहून जाई. तिसऱ्यानं कमरेला बिब्बा घातला. बिब्ब्यानं असे फोड आले, की पंधरा दिवस मला पायाची आठवणसुद्धा झाली नाही. हा उपाय मी कोणालाच सांगत नाही. तुम्हीही सांगू नका.

पट्टा मात्र विकत आणावा लागला नाही. कमरेचा पट्टा ही आमच्या आळीत कोणाच्या मालकीची वस्तू नाही. लग्नातल्या मोठ्या पातेल्यासारखा तो घरोघर फिरतो. ज्याची कंबर धरली त्याच्याकडे जातो, सुटली की पुढं निघतो. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्यावर तीन घरांच्या बामांचे वास होते.

मग आईनं पायाळू माणूस शोधला. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्यानं उसण भरलेल्या कमरेला तीनदा लाथ लावायची, असा आपल्याकडचा जुना समज. आळीतला पायाळू म्हणजे एक सहा फुटी ट्रकवाला आणि दुर्दैवानं माझा माजी विद्यार्थी. मी त्याला इतिहासात नापास केलं होतं.

“सर, तुमाले लाथ मारू? पाप लागन मले,” तो म्हणाला. पण पापाची भीती त्याच्या चेहऱ्यावर कुठंच दिसत नव्हती.

“हळूच लावजो रे,” आई म्हणाली.

पहिली लाथ शास्त्राला धरून होती. दुसरीला मार्च महिन्याच्या परीक्षेचा वास होता. तिसरी मी खाऊन पाहिली नाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मी लंगडत का होईना, पळालो. यावरून लाथेचा गुण आलाच, असा निष्कर्ष जमलेल्यांनी काढला.

घरात माझी गादी काढून लाकडी फळी टाकण्यात आली. एक गादी सरकली, तर दुसरीही काढून घ्यायची, हा न्याय मला समजला नाही. फळीवर तीन रात्री काढल्यावर कंबर म्हणाली, यापेक्षा वांगं बरं. पुढं वाचनात आलं, की स्पेनमध्ये ३१३ जुन्या कंबरदुखीवाल्यांवर हा प्रयोग करून झाला आहे. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो छापून आला. दगडासारख्या गादीपेक्षा मध्यम टणक गादीवाल्यांना जास्त आराम पडला होता. मी तो निकाल मोठ्यानं वाचून दाखवला आणि त्याच रात्री फळी पुन्हा भिंतीला टेकली.

आता डॉक्टरांकडची गोष्ट. त्यांनी मला उताणं झोपवलं आणि दुखरा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला. जेमतेम चाळीस अंशांपर्यंत गेला असेल, मी टेबल सोडून उठू लागलो. या तपासणीला लासेगची खूण म्हणतात. लासेग हा फ्रेंच. त्याच्या शिष्यानं १८८१ मध्ये ती गुरूच्या नावावर प्रसिद्ध केली. पण त्याच्या आदल्याच वर्षी लाझा लाझारेविच नावाच्या सर्बियन डॉक्टरनं ती नीट लिहून ठेवली होती. हा लाझारेविच त्यांच्या भाषेतला नावाजलेला कथालेखकही होता. बिचाऱ्यानं लिहिलं सर्बियन भाषेत, म्हणून जगानं वाचलं नाही. मराठीत लिहिणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

डॉक्टरांनी मग माझा अंगठा धरून म्हटलं, “वर दाबा. जोर लावा.” अंगठ्यात ताकद होती. लघवीला त्रास नव्हता. बैठकीच्या जागी बधिरपणा नव्हता. “मग आताच एमआरआय नको,” ते म्हणाले, “आणि झोपून राहू नका. चाला.”

मी तीन आठवड्यांची वैद्यकीय रजा टाकून आलो होतो, ती आडवं पडायला. मला हा सल्ला रजेच्या अर्जाशी विसंगत वाटला. पण त्याला आधार आहे. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, दुसऱ्याला जमेल तसं हिंडू-फिरू दिलं. दोघांच्या बरं होण्यात फरक पडला नाही. म्हणजे पडून राहून मिळतं काय, तर फक्त छताची ओळख.

एमआरआय मी तरीही काढला, कारण मेव्हणा जळगाव पक्षाचा. अहवाल मी वाचण्याआधी आळीनं वाचला. इंग्रजीतल्या त्या दोन पानांतून प्रत्येकानं एकच शब्द काढला: ‘गॅप’. “सर, गॅप आली हाय.” बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाला वर्षाची गॅप यावी, तसं ते सुतकी तोंडानं सांगत. आता अमेरिकेत १९९४ मध्ये काय झालं, ते ऐका. कंबर दुखत नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांची निदान एक गादी फुगलेली निघाली. म्हणजे मला भेटायला येऊन हळहळणाऱ्या दहाजणांपैकी पाचांची निदान एक गादी फुगलेली असणार. त्यांना फक्त ठाऊक नव्हतं, म्हणून ते चहा पीत होते आणि मी उभा होतो.

उभा होतो, कारण बसणं ही माझ्या आयुष्यातली सगळ्यांत अवघड कला होऊन बसली होती. स्वीडनच्या नाखेमसन या अस्थिशल्यविशारदानं १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांच्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा बसल्यावर तो जास्त भरला. मला सुईची गरज नव्हती. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून मोताळ्याला एकदा जाऊन आलो, तेवढं मोजमाप पुरलं. लग्नाच्या पंगतीत मी खांबाला टेकून उभ्यानं जेवलो. नवरीकडच्यांना वाटलं, रुसलेले व्याही. शाळेत मी तास उभ्यानंच घेऊ लागलो आणि मुलांची मागच्या बाकावरची झोप उडाली. घरी कमोडची प्लास्टिकची खुर्ची आली. तिला बघून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बारशाला आलेल्या पाळण्यानंतर घरात एवढी भावनिक वस्तू आलीच नव्हती.

औषधांचंही सांगतो. दुखणं कमी करणारी गोळी पोटाला आणि मूत्रपिंडाला झेपेल इतकेच दिवस आणि डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, हे त्यांनी बजावलं. नसेसाठी म्हणून एका शेजाऱ्यानं आपल्या उरलेल्या गोळ्या दिल्या. त्यातली एक मी घेतली. मला वाटलं, मलकापूर स्टेशन आपल्या जागेवरून हललं. प्रिगॅबालिन हे त्या गोळीचं नाव. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात ती सायटिकासाठी खोट्या गोळीशी ताडून पाहिली होती. पायाची कळ दोन्ही गटांत जवळपास सारखीच राहिली, चक्कर मात्र खऱ्या गोळीवाल्यांना जास्त आली. दुसऱ्याची उरलेली गोळी घेऊ नये, हे मी मुलांना शिकवतो. स्वतः शिकायला पंचावन्न वर्षं लागली.

आणि शस्त्रक्रिया? तिच्यावर आळीत मतदान झालं. तेही नेदरलँड्सवाल्यांनी आधीच उरकलेलं. २००७ मध्ये २८३ रुग्णांपैकी निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया केली, बाकीच्यांना थांबवलं. शस्त्रक्रियावाल्यांचा पाय लवकर मोकळा झाला. वर्षाअखेर दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे होते. मात्र थांबलेल्यांतल्या सुमारे ४० टक्के जणांना वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली. म्हणजे दोन्ही पक्ष निवडून आले. मी थांबायचं ठरवलं.

माझा नित्यक्रम असा झाला. सकाळी कुशीवर वळून, हातावर जोर देऊन उठायचं. उताणं झोपताना गुडघ्यांखाली उशी. खाली पडलेली वस्तू उचलायची तर गुडघ्यात वाकून, नाहीतर तिला पडू द्यायचं. आणि रोज संध्याकाळी फलाटाचं तिकीट काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. आधी दहा मिनिटं, मग वीस, मग अर्धा तास. फलाटाचा फायदा असा, की लंगडणाऱ्या माणसाकडे तिथं कोणी बघत नाही. सगळे गाडी बघत असतात.

आठव्या आठवड्यात २६ जानेवारी आला. झेंडावंदनाला सावधान उभा राहिलो. मग प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं. ते पाऊण तास चाललं. आभार मानायला उठलो तेव्हा लक्षात आलं, की मी पाऊण तास खुर्चीत बसलो होतो आणि माझा एकही अवयव दुखला नव्हता. दुखलं ते फक्त डोकं.

यातही नवल नाही. बऱ्याच लोकांची सायटिका सहा ते बारा आठवड्यांत आपणहून उतरते. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर हळूहळू शोषून घेतं, सूज ओसरते, नस मोकळी होते. म्हणजे माझ्या पाठीत आठ आठवडे गुपचूप साफसफाई चालू होती. तिचं भूमिपूजन नाही, फलक नाही. पण उद्घाटनाला कोण कोण आलं, ते पाहा.

ट्रकवाला म्हणाला, “दोनच लाथांत काम झालं, सर. तिसरी खाल्ली असती तर महिन्याआधी झालं असतं.” रुईवाला म्हणाला, पान. निर्गुंडीवाला म्हणाला, पाला. वहिनी म्हणाल्या, लाडू. मेव्हणा म्हणाला, जळगाव. बिब्बेवाल्यानं तर माझे डाग दाखवून नवीन गिऱ्हाईक मिळवलं. आमच्याकडे एका रस्त्याचं श्रेय चार पुढारी घेतात, हे मी पाहिलं आहे. पण एका पायाचं श्रेय अकराजण घेतात, हे पहिल्यांदा पाहिलं. कोणी खोटं बोलत नव्हतं. ज्याचा उपाय दुखणं उतरायच्या सुमाराला चालू असतो, त्याला गुण दिसतो आणि तो पुढच्या रुग्णाकडे छातीठोकपणे जातो. दुखण्याचं मूळ एकीकडे, बोंब दुसरीकडे. गुण एकाचा, हार दुसऱ्याच्या गळ्यात. लाझारेविचला विचारा.

श्रेय मागितलं नाही ते फक्त आईनं. तिनं एवढंच सांगितलं, की तिनं नवस बोलला होता. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला शेगावला पायी.

“तू बोललीस, मग तू जा,” मी म्हणालो.

“मी बोलले, पाय तुझा बोलला होता.”

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, थांबत थांबत जा, कळ पायात उतरली तर गाडीत बसा. संशोधन म्हणतं चाला, डॉक्टर म्हणतात चाला, आईचा नवस म्हणतो चाला. आठ आठवड्यांत या तिघांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट. तेव्हा १८७८ साली शेगावात प्रकटलेल्या महाराजांच्या दर्शनाला मी पन्नासेक किलोमीटर दोन दिवसांत चालत गेलो. नांदुऱ्याला हमरस्त्याकडेच्या १०५ फुटी मारुतीपुढं मुक्काम केला. त्याच्याकडे बघत बसलो. द्रोणागिरी उचलला, पण गादी सरकल्याची नोंद नाही. नक्की गुडघ्यात वाकून उचलला असणार.

तिथंच दिंडीतला एकजण पाय चोळत माझ्याशेजारी टेकला. “सर, तुमचं बरं झालं म्हणे. काय केलं?”

अकरा उपाय माझ्या जिभेवर आले. मी ते गिळले आणि त्याला जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, दोन्ही मांड्यांमधली बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, दोन्ही पायांतली ताकद जायला लागली, तर मला, ट्रकवाल्याला किंवा साडूला विचारू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा, जळगाव काय नि अकोला काय. ताप असेल, वजन उतरत असेल, पडून मार लागला असेल, तरीही डॉक्टरांना लवकर दाखवा. यातलं काही नसेल, तर धीर धरा, झेपेल तेवढं चाला आणि बरे झालात की श्रेय ज्याला हवं त्याला देऊन टाका.

आणि वांगं खाटेखाली गेलंच, तर केरसुणीनं ओढून घ्या.